खिळ्यांची पेरणी

"निघ माझ्या शेतातून!" लुव्हेनिया तिसऱ्यांदा ओरडली. क्रॅडकच्या कानांवर हेडफोन होते. महायुद्धानंतर लष्कराने भंगारात काढलेलं, सुरुंग हुडकायचं यंत्र तो ओकच्या झाडाखाली फिरवत होता. शेजारी खड्डा खणलेला होता आणि मातीच्या ढिगावर मांडीचं हाड पडलं होतं.

ते दिसलं आणि तिचं डोकं फिरलं. तिने पुढे होऊन वायरच हिसकली.

"अगं मावशी, केवढ्यानं दचकलो!"

"मी तुझी मावशी नाही. माझा आजोबा उकरलायस तू."

"थडगं आहे होय? मग दगड कुठाय?"

"दगड लावायला तुमच्या गोऱ्या लोकांनी काही शिल्लक ठेवलं होतं आमच्याकडे?"

क्रॅडकने तळहात उघडला. गरुडाची छाप असलेली चार बटणं. "यादवी युद्धातली, उत्तरेच्या फौजेची आहेत. तुझ्या आजोबानं कुणाच्या तरी कोटाची कापली असतील."

"त्याचाच कोट होता तो! आयझम त्याचं नाव. गुलामी मोडायला लढला, इथून दोन मैलांवर पडला. आजीनं हातगाडीवर घालून आणला त्याला."

"गोष्ट छान आहे," म्हणत त्याने बटणं खिशात टाकली आणि गाडीकडे चालू लागला.

फौजदाराने तक्रार उभ्याउभ्याच ऐकली. "जुनी हाडं ती. क्रॅडकसाहेब सभ्य माणूस आहेत. छंद आहे त्यांचा."

"उद्या मी तुमच्या कबरस्तानात कुदळ घेऊन गेले, तर तोही छंदच म्हणायचा ना?"

फौजदाराचं हसू मावळलं. "जीभ सांभाळ, लुव्हेनिया."

साठ वर्षं तिने जीभच सांभाळली होती. गोऱ्या पोरांच्या शाळेत तीस वर्षं रांधलं, मागच्या दाराने गेली, मागच्या दाराने आली. चुलतभाऊ जोसिफस आणि ती, दोघांनी मिळून हाडं गोळा केली, तिच्या धुतलेल्या चादरीत बांधली आणि शेतातच दुसरीकडे पुरली. जागा कुणालाच सांगितली नाही.

शनिवारी ती क्रॅडकच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. काचेमागे मखमलीवर बटणं मांडलेली. खाली चिठ्ठी: 'अज्ञात सैनिक.'

"अज्ञात नाही तो. नाव सांगितलंय मी तुला."

क्रॅडकने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गल्ल्याशी उभ्या मित्राला तो सांगत होता, "हिच्या कुंपणाजवळ नुसते खिळे. खिळ्यालाही तस्संच किंचाळतं रे हे यंत्र, खणून खणून जीव जातो. पण बाकीचं शेत स्वच्छ आहे. पुढच्या रविवारी जाऊ."

लुव्हेनिया तशीच मागे फिरली. घरी आली.

सोमवारपासून ती शाळेच्या स्वयंपाकघरातून पोतं भरून पत्र्याचे रिकामे डबे आणि झाकणं आणू लागली. पडक्या तबेल्यातले गंजके खिळे, नाल, तारेचे तुकडे, मिळेल ते जमवलं. संध्याकाळी ओळीने चालत ती कुदळीने माती उकरी आणि लोखंड दाबून टाकी. बोटं फाटली, तरी हात थांबेना.

"वेडी झालीस का?" जोसिफस ओरडला. "भुईमुगाची जमीन आहे ही! नासवतेस तू!"

"नासवली त्यानं. मी बंदोबस्त करतेय."

रविवारी ती चर्चला गेली नाही. ओसरीवर वाटाणे सोलत बसली. क्रॅडक आणि त्याचा मित्र आले. क्रॅडक दोन पावलं चालला, खाली वाकून खणू लागला. झाकण. पुन्हा दोन पावलं. खिळा. दुपारपर्यंत त्याचा सदरा घामाने चिकटला आणि त्याने हेडफोन मातीत आपटले.

"तू केलंस हे!"

"माझं शेत आहे. मला हवं ते पेरीन."

मित्राला हसू आवरेना. क्रॅडकने शिवी हासडली, धाडकन गाडीचं दार लावलं. तो पुन्हा आला नाही. बटणं मात्र त्याच्या काचेमागेच राहिली.

लुव्हेनिया लहानपणापासून त्या मातीत अनवाणी वावरली होती. दुसऱ्या दिवशी तिने खाटेखालून मेलेल्या नवऱ्याचे बूट ओढून काढले, चिंध्या कोंबून पायांत चढवले आणि कुदळ घेऊन जड पावलांनी शेतात उतरली.