कुंडीतला वाफसा

मित्रांनो, जालन्यातल्या एका घराच्या गॅलरीत खिळ्याला अडकवलेली मी एक जुनी, पत्र्याची झारी आहे. पत्रेवाल्याने मला कापले, वाकवले, कथलाचा डाग देऊन जोडले आणि नळीच्या टोकाला बारीक भोकांची चाळणी बसवली. उषाबाईंनी मला बाजारातून घरी आणले, ते १९९३ साल होते. घरात मनीप्लँट, क्रोटन, कोरफड आणि बैठकीच्या खिडकीशी रबराचे झाड होते. तोवर तांब्याने भसकन पाणी ओतले जाई आणि माती उडून फरशीवर पडे. मी आले आणि फरशी स्वच्छ राहू लागली. मला त्याचा मोठा अभिमान वाटे.

त्याच वर्षी उषाबाईंचे सासरे रामराव हसनाबादहून आमच्याकडे राहायला आले. डोळ्याचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी शेतात जायचे नाही म्हणून बजावले होते. जन्मभर रानात राबलेला माणूस! मुलगा बद्रीनाथ आणि सून दोघेही नोकरीवर गेले की ते दिवसभर खिडकीशी बसून राहत.

"इथं माझा काय उपेग?" ते म्हणत. "मला गावाकडं जाऊ द्या."

एका सकाळी त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला भरले आणि सगळ्या कुंड्या तुडुंब केल्या. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. त्यांचा चेहरा उजळला. नळाला पाणी रोज येत नसे, म्हणून ते अर्ध्या बादलीत आंघोळ करून उरलेले पाणी झाडांना घालू लागले. मीही खुशीत होते. इतके काम मला कधीच मिळाले नव्हते.

पण मनीप्लँट पिवळा पडू लागला. कोरफड बुडाशी मऊ झाली. रबराच्या झाडाने पाने टाकली. रामराव घाबरले. "ऊन लागून राह्यलं ह्यायला," असे म्हणून ते आणखी पाणी घालू लागले.

उषाबाईंना कारण कळत होते. पण बोलायचे कसे? एका शब्दाने हा माणूस दुखावला, तर पिशवी उचलून गावाची गाडी धरील, ही त्यांना धास्ती. त्या आष्टीच्या शेतकरी घरातल्या. रविवारी सकाळी त्या सासऱ्यांजवळ येऊन बसल्या.

"मामा, पाऊस झाला की लगेच पेरता का हो तुम्ही?"

"लगेच कसं? वाफसा येऊ द्यावा लागतो. रान ना चिखल, ना कोरडं, असं झालं पाहिजे. न्हाई तर बी सडून जाईल."

"मंग ह्या कुंडीत वाफसा आला का, तेवढं बघून सांगता?"

रामरावांनी रबराच्या झाडाच्या मातीत बोट खुपसले. बोट चिखलाने माखून आले. त्यांनी ते नाकाशी नेऊन हुंगले.

मग म्हातारा खदखदून हसला. "आगं, मी तर ह्यायला बुडवून राह्यलो! जल्दी सांगायचं न्हाई का?"

"तुम्ही इतका जीव लावून पाणी घालत होता. कसं सांगू?"

दोघांनी मिळून कुंड्या तिरक्या केल्या. बुडाची भोके मातीने बुजली होती, ती काडीने मोकळी केली. खालच्या बशांतले साचलेले पाणी ओतून दिले. मला खिळ्याला टांगले. पुढे रामराव रोज सकाळी बोट खुपसत आणि म्हणत, "आज न्हाई." माती आतपर्यंत सुकली, की मगच मला उतरवत आणि बुडातून थेंब येईपर्यंत बुंध्याशी सावकाश पाणी घालत.

कोरफड काही वाचली नाही. पण रबराच्या झाडाला लालसर टोक फुटले आणि त्यातून नवे पान उलगडले. त्या दिवशी रामरावांनी शेजारच्या सरोजिनीबाईंना हात धरून पान दाखवायला आणले. मग त्यांच्या कुंड्याही रामरावांकडे आल्या, आणि हळूहळू साऱ्या गल्लीच्या. रोज सकाळी मला हातात घेऊन ते फेरी मारत.

दिवाळीनंतर हसनाबादहून कारभारी नावाचे त्यांचे एक भाऊबंद त्यांना न्यायला आले. "चला गावाकडं," ते म्हणाले.

"बिलकुल जमायचं न्हाई," रामराव म्हणाले. "थंडी पडली. आता पाणी कमी करावं लागतं, आन् ते ह्या लोकांना बराबर कळत न्हाई."

मित्रांनो, आज माझा रंग उडाला आहे, नळीला दोनदा डाग दिला आहे. तरी एक मागणे आहे. मला उचलण्याआधी एकदा मातीत बोट घाला. ओल लागली, तर मला खुशाल खिळ्यावर राहू द्या. झाड हसते आहे, एवढे दिसले की मला रिकामे राहण्यातही आनंदच आहे.