उसाची शिडी

"उतरवा त्याला खाली," मी म्हटलं. "आजीच्या कमरेवर बसून बेडूकउड्या मारता येत नाहीत."

बालवाडीच्या अंगणात सव्वीस मुलं बेडूक झाली होती. सत्ताविसावा दानू. तो म्बाह पोनिराहच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, खांद्यावरून कमरेशी बांधलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या झोळीत बसून तांदळाचा पापड कुरतडत होता. वय साडेचार, वजन एकवीस किलो. म्बाह स्वतः चाळीस किलोंची असेल-नसेल. गाणं लागलं की दानू मान डोलवायचा, तेवढाच त्याचा व्यायाम.

"बघतोय की तो, बू एन्दांग," म्बाह मला, म्हणजे बालवाडीच्या बाईला, म्हणाली. "बघून बघून शिकेल."

"बघून शिकता आलं असतं, तर टीव्ही बघून मी कधीच बारीक झाले असते."

मुलांच्या आया हसल्या. मी तिथंच थांबायला हवं होतं, पण माझ्या जिभेला हाड नाही. त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या नर्सनं मला बजावलं होतं, की पोराच्या पायांत काहीही दोष नाही, पण दहा पावलांत त्याला धाप लागते. पुढच्या जुलैत त्याला टेकडीवरच्या शाळेत जायचं होतं. पायऱ्याच एकशे चाळीस. तिथवर त्याला कोण उचलून नेणार?

"पाय चालायला दिलेत देवानं, लोंबकळायला नाही," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "लाडानं पांगळा करताय तुम्ही त्याला."

म्बाहनं झोळीची खांद्यावरची गाठ घट्ट केली आणि नातवाला घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून दानूचं बालवाडीत येणं बंद झालं.

आठ दिवस मी वाट पाहिली. रोज हजेरी घेताना त्याच्या नावापाशी आवाज अडखळायचा. नवव्या दिवशी तोंड लपवत तिच्या घरी गेले.

ह्या बाईनं तीस वर्षं त्याच झोळीत काढ्याच्या बाटल्यांची टोपली पाठीवर बांधून गाव पालथं घातलं होतं. हळद-चिंचेचा, आल्याचा, गूळ-तांदळाचा काढा. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी तिच्याच हातचा प्याले होते. तिची मुलगी सुलिस त्याच कापडात वाढली. सुलिस आता तैवानात कुणा आजारी म्हातारीची सेवा करते, आणि तिचा मुलगा इथं त्याच कापडात वाढत होता.

दारातून पाहिलं तर दानू खेळण्यातली मोटार घेऊन घरभर पळत होता. चक्क पळत होता. उंबऱ्यापाशी आला, थबकला आणि आजीकडे बघून त्यानं दोन्ही हात वर केले.

"घरात पळतो?" मी विचारलं.

"घरात पळतो, ओट्यावर पळतो. मातीवर नाही." म्बाहनं पेला माझ्या हातात दिला. "घ्या, गुळाचा आहे. जीभ जरा गोड होईल."

मी मुकाट्यानं प्याले. चूक कबूल करण्याचे शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच बोलू लागली.

"ह्याला पस्तीस दिवसांचे सात महिने भरले ना, तेव्हा हा इस्पितळात होता. नाकात नळी. बाळाचा पाय पहिल्यांदा जमिनीला लावायचा विधी राहूनच गेला. मग सुलिस गेली परदेशी. मी म्हटलं, नाही तर नाही. दीड वर्षाचा असताना अंगणात सोडला, तर हात मोडून घेतला. बरा झाल्यावर परत सोडला, तर असा ताप चढला की चार दिवस डोळे उघडेना. जमिनीनं ओळखलंच नाही बघा ह्याला. अनोळखी माणूस अंगणात शिरला तर कुत्रं चावणारच ना, बू?"

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही सांगतच होता."

पेला रिकामा करून मी म्हटलं, "मग आता करू विधी."

"एवढ्या घोड्याचा? सगळं गाव हसेल."

"हसू दे. अंगण माझं, आमंत्रण माझं. आधी मला हसतील."

माझा स्वतःचा ह्यावर विश्वास आहे का, ते मला आजही सांगता येत नाही. पण म्बाहचं मन मातीवर उतरल्याशिवाय दानूचा पाय उतरणार नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

आमच्या जुन्या पंचांगात पाच दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन आठवडे जुळून त्याचा जन्मवार दर पस्तीस दिवसांनी येतो. पुढचा आला, तेव्हा आम्ही बालवाडीच्याच अंगणात मांडामांड केली. फुलांचं पाणी, चिकट भाताच्या सात रंगांच्या वड्या, वाळूचा ढीग, बांबूचा कोंबडीचा खुराडा आणि सात पायऱ्यांची उसाची शिडी. शिडी माझ्या नवऱ्यानं बांधली. आजवर बांधत आला तशीच, आठ महिन्यांच्या बाळाच्या मापाची. हे माझ्याही लक्षात आलं नाही.

म्बाहनं दानूचे पाय फुलांच्या पाण्यानं धुतले. आम्ही दोघींनी त्याला दोन्ही बगलांत धरलं. वड्यांवरून तो बिचकत बिचकत चालला, मग शिडीवर चढला. पहिली पायरी, दुसरी. तिसरीला कडकन आवाज झाला. ऊस मोडला, दानू आमच्या हातांतून निसटला आणि वाळूत बदकन बसला.

म्बाहचा हात खांद्यावरच्या गाठीकडे गेला. आता उचलला तर कायमचा उचलला, एवढंच माझ्या मनात आलं. तिला थांबवावं असं वाटत होतं. पहिल्यांदाच मी तोंड बंद ठेवलं.

दानूनं दोन्ही मुठी वाळूत खुपसल्या. "म्बाह," तो म्हणाला, "ही गरम आहे."

"कोण?"

"जमीन. तुझ्या पोटासारखी."

म्बाह खाली बसली आणि तिनं वाळूवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग नाक ओढत म्हणाली, "आहे खरी. चल, खुराड्यात जा."

खुराड्याखाली कंगवा, वही, मोटार, काढ्याची बाटली असं सगळं मांडलेलं होतं. मूल जे उचलेल, ते त्याचं पुढचं आयुष्य. तान्ही बाळं खुराड्यात मावतात. दानूवर खुराडा पालथा घातला, तर त्याचे पाय गुडघ्यापासून खाली उघडेच राहिले. त्यानं काहीच उचललं नाही. खुराडा तसाच अंगावर घेऊन पळत सुटला. मागे सव्वीस मुलं, मोडक्या शिडीचा ऊस चघळत. लिंबाच्या झाडाला दोन फेऱ्या झाल्या, तिसरीत तो धापा टाकत आडवा झाला.

"काय उचललं म्हणायचं त्यानं?" नवऱ्यानं विचारलं.

"खुराडा," म्बाह म्हणाली आणि झोळीच्या टोकानं डोळे पुसत इतकी हसली, की आम्हाला तिला धरावं लागलं.

दर शुक्रवारी कवायत असते. दानू बाकीच्यांच्या दोन उड्या मागे असतो, तिसरीला बसकण मारतो, चौथीला उठतो. टेकडीच्या वीस पायऱ्या चढतो, गेल्या महिन्यात बाराच होत होत्या. म्बाह फाटकापाशी उभी असते. झोळी अंगावर असतेच, आत पाण्याची बाटली आणि दानूच्या चपला.

"आता घरी ठेवा की ती," मी एकदा म्हटलं.

"पाठीला गार लागतं, बू."

तेवढ्यात अंगणात दानू तोंडावर आपटला. म्बाहचा हात गाठीपाशी गेला. तो उठला, गुडघे झटकून बेडकांच्या रांगेत शिरला. तिनं हात खाली घेतला. कमर मात्र तशीच डावीकडे काढून उभी राहिली, एकवीस किलोंसाठी.