रविवारची दोन मिनिटं

मी बॅटरी बोलतेय. गाडीची. बॉनेट उघडल्यावर कोपऱ्यात जो काळा ठोकळा दिसतो आणि गाडी चालू आहे तोवर ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, तो ठोकळा म्हणजे मी. रागावून बोलतेय, हे आधीच सांगते. पोटात आम्ल घेऊन जन्मलेल्या बाईकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका.

जन्म कारखान्यातला. शिशाच्या जाळ्या, त्यांवर थापलेला लेप, सहा कप्पे, वरून आम्ल. मग तारा लावून पहिल्यांदा अंगात वीज भरली. ते बळ कधी वापरायला मिळतंय असं मला झालं होतं. काही दिवस दुकानाच्या फळीवर बसले आणि मग एका जुन्या, पांढऱ्या गाडीत जाऊन पडले. गाडी मास्तरांची.

मास्तर म्हणायचे सगळे, पण ते शिकवत नसत. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. काचेच्या नळ्या धुण्यात आणि मुलांना ॲसिडपासून लांब ठेवण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती. त्यामुळे माझ्यासारखीशी कसं वागायचं हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते बॉनेट उघडत, कोमट पाण्यात सोडा घालून दातांच्या जुन्या ब्रशने माझी टर्मिनलं, म्हणजे तारा जोडायच्या खुंट्या, घासत, पुसून कोरडी करत आणि वर बोटभर व्हॅसलीन लावत. पाणी कमी झालं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालत, नळाचं कधीच नाही. आणि दर आठवड्याला काम असो वा नसो, गाडी अर्धा-पाऊण तास फिरवून आणत. एकदा तीन आठवडे गावाला गेले, तर जाताना दहा नंबरच्या पान्याने माझी काळी तार काढून ठेवून गेले. परत आले तेव्हा मी जशी होते तशीच होते. साडेतीन वर्षं माझे लाड झाले, मी नाही म्हणत नाही.

त्या फेऱ्यांमध्ये शेजारच्या सीटवर त्यांची बायको असायची. तीही कामाची. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिने तीस वर्षं कापड बेतलं, कापलं. लग्नाआधी मामाच्या गाडीवर चालवायला शिकली होती. लायसन्स होतं. मास्तर स्वतःच्या लायसन्सबरोबर तिचंही दर वेळी न चुकता नवं करून आणत. चालवायला मात्र कधी दिलं नाही. ती म्हणायची, "आजच्या दिवस मी घेऊ का हो?" आणि ते अगदी प्रेमाने म्हणायचे, "कशाला? मी आहे ना." मग ती खिडकीबाहेर बघत बसायची. मला तेव्हा वाटायचं, बरोबरच बोलतात मास्तर. ते जे बोलायचे ते सगळंच मला बरोबर वाटायचं.

मग मास्तरांचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी ते गाडीत एकटेच बसून काहीतरी लिहीत होते. लिहिलेला कागद त्यांनी डॅशबोर्डच्या खणात ठेवला. ऑपरेशनला ते गेले ते परत आलेच नाहीत.

मुलगा दुसऱ्या शहरातून आला, दिवस करून गेला. जाताना गाडीसाठी महागातलं कव्हर आणलं. एक किल्ली स्वतःबरोबर नेली आणि दुसरी तळमजल्यावरच्या काकांना दिली. आईला किल्ली दिली नाही. तिने मागितली होती. "तुला काय करायचीये, आई? उगाच हरवेल," असं तो म्हणाला, आणि काका शेजारी उभे राहून मान डोलावत होते. मी बॉनेटखाली बसून ऐकत होते.

काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. घड्याळ लावून जगणारा माणूस. मुलाने सांगितलं, बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी दोन मिनिटं गाडी चालू करा. काकांनी ते मनावर घेतलं. इतकं मनावर घेतलं की पाच महिन्यांत एक रविवार चुकवला नाही. चुकवला असता तर बरं झालं असतं.

दहाच्या ठोक्याला यायचे. कव्हर अर्धं वर करायचे, आत बसून सेल्फ मारायचे. मग डॅशबोर्डवर फोन उभा करून मुलाला आवाज ऐकवायचे. सगळं ठीक आहे ना हे बघायला हेडलाइट लावायचे, एसी लावायचा, वायपर फिरवायचे आणि वर एकदा हॉर्न. मनगटावर दोन मिनिटं झाली की बंद. "बघ, गाडी कशी ठणठणीत आहे," ते सांगायचे. तिकडून मुलगा म्हणायचा, "तुम्ही आहात म्हणून, काका."

ठणठणीत! अहो, सेल्फ मारताना माझ्या अंगातून जे जातं, ते भरून यायला गाडी अर्धा तास पळावी लागते. दोन मिनिटांत मला काय मिळणार? घागरभर काढून घ्यायचं आणि वाटीभर परत करायचं, त्यातही वाटी दिव्यांनी आणि एसीने प्यायची. बरं, उरलेला आठवडाभर मला विश्रांती म्हणावी, तर तीही नाही. उभी असली तरी गाडी झोपत नाही. तिचं घड्याळ चालू, चोरासाठीचा भोंगा जागा, काचेमागे लाल दिवा लुकलुकतोय, आणि हे सगळे माझ्या जिवावर. एक काळी तार काढली असती तर सुटले असते. पण बॉनेट उघडायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. कव्हर मात्र दर आठवड्याला झटकून निघत होतं.

हॉर्न वाजला की ती खाली यायची. काका तिच्या हातात फोन द्यायचे. "आई, बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? चल, ठेवतो." काका कव्हर नीट करेपर्यंत तिचं बोलणंही संपलेलं असायचं. एका रविवारी तिने घाईघाईने मध्येच सांगितलं की जुन्या कारखान्यातून बोलावणं आलंय, आठवड्यातून दोन दिवस नव्या मुलींना कापड बेतायला शिकवायचंय. जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलाव्या लागतात, आणि गुडघा तर असा. "गाडी आहेच खाली, तर..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. मुलगा म्हणाला, या वयात कशाला दगदग. काका म्हणाले, "वहिनी, आता आराम करायचा." दोघेही तिच्या भल्याचंच बोलत होते, त्यामुळे तिला भांडायलाही कोणी उरलं नाही.

पण ती गप्प बसली नव्हती. हे मला नंतर कळलं. भाजी आणायला जाते असं सांगून ती तीन आठवडे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर हात बसवत होती. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. आणि एका गुरुवारी दुपारी काकांकडे जाऊन म्हणाली, गाडीत माझा चष्मा राहिलाय, जरा किल्ली द्या. चष्मा तिच्या गळ्यातच होता, पदराखाली.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. क्लच दाबला आणि किल्ली फिरवली.

टक्. टक्. टक्.

माझ्यात काही उरलंच नव्हतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. पाच महिने रविवारच्या तमाशाला मी उठले, आणि जिच्यासाठी उठायला हवं होतं तिने किल्ली फिरवली तेव्हा मी नुसती टकटकले. तिने पुन्हा फिरवली. दिवेही विझले.

आवाज ऐकून काका धावत आले. "वहिनी, काय केलंत तुम्ही हे? रविवारपर्यंत तर छान चालत होती." बघा, म्हणजे बिघडवली तिनेच. त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. मुलगा चिडला नाही, उलट समजुतीने बोलला, आणि तेच जास्त लागलं. असू दे आई, म्हणाला, तसंही मी विकायचंच ठरवलंय. रविवारी अकरा वाजता एक माणूस गाडी बघायला येईल. बंद असली तरी तो घेतो.

काका गेले. किल्ली मागायला विसरले, किंवा मेलेल्या गाडीची किल्ली कशाला म्हणून सोडून दिली. ती तशीच बसून राहिली. मग डोळे पुसायला काही मिळतंय का म्हणून तिने डॅशबोर्डचा खण उघडला, तर हाती कागद आला. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"चिरंजीवास. गाडी उभी ठेवावी लागली तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालवावी. नुसती चालू करून बंद करू नये, त्याने बॅटरी जास्त उतरते. चालवणं जमणार नसेल तर काळी तार काढून ठेवावी. काढताना काळी आधी, लावताना लाल आधी. महिन्यातून एकदा चार्जर लावावा, माझ्या कपाटात आहे. खिडकी उघडी ठेवावी, जवळ काडी ओढू नये."

खाली त्यांची बारीक, सुबक सही होती.

तिने कागद दोनदा वाचला. मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं मी इथे शेजारी बसले. आणि लिहिलंत कोणाला, तर त्याला. वाचता मलाही येतं, अहो."

तोवर माझा राग काकांवर होता, मुलावर होता. त्या दुपारी मला पहिल्यांदा मास्तरांचा राग आला. माझी टर्मिनलं घासणारा माणूस, माझं पाणी कमी झालेलं ज्याला न सांगता कळायचं, त्याला शेजारच्या सीटवरचं काही दिसू नये? किल्ल्या दोन होत्या आणि दोन्ही त्यांच्या जुडग्यात होत्या. आणि त्यांच्या होला हो मीही मिळवत होते, तेव्हा त्या दोषातून मीही सुटत नाही.

शुक्रवारी सकाळी ती हातात स्वयंपाकघरातले रबरी मोजे घालून, पाना घेऊन आली. मशीनचे नट तिने जन्मभर सैल केले आणि आवळले होते, हा नट त्याहून काय वेगळा? काळी आधी, मग लाल. मला उचलून तिने बाजारहाटाच्या ट्रॉलीत बसवलं. कमरेला हात लावून जरा थांबली, मला एक शिवी दिली आणि लिफ्टने वर नेलं. वाटेत काका भेटले. ट्रॉलीत काय आहे असं त्यांनी विचारलं. "चष्मा शोधतेय अजून," ती म्हणाली. काका वाट सोडून बाजूला झाले.

तिच्या शिवणाच्या खोलीत खिडकीखाली एका फळीवर मला ठेवलं. टर्मिनलांवर पांढरट-हिरवा थर चढला होता, तो तिने सोड्याने घासून काढला. कप्प्यांत डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि चार्जर लावला. शनिवारी दुपारपर्यंत मी तिथे होते. ती मशीनवर काम करत होती आणि अधूनमधून उठून चार्जरच्या दिव्याचा रंग बघत होती. हळूहळू माझ्या अंगात ऊब आली. सगळं परत आलं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. उपाशी ठेवलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर खडे धरतात, ते पुरते जात नाहीत. पाच महिन्यांनी माझं जे नेलं ते गेलंच.

रविवारी सकाळी तिने मला जागेवर बसवलं. लाल आधी, मग काळी. कव्हरची घडी घालून ती काकांच्या दाराशी ठेवून आली. दहाच्या ठोक्याला काका फोन हातात धरून बाहेर आले. ती आत बसलेली होती. तिने किल्ली फिरवली आणि मी होतं नव्हतं ते सगळं दिलं. इंजिन सुरू झालं.

काकांनी फोन खिडकीतून आत धरला. मुलगा घाबरलेला. "आई, काय चाललंय? उतर आधी. दोन मिनिटं ऐक माझं."

"दोन दोन मिनिटं पाच महिने ऐकली," ती म्हणाली. "आता मला पाऊण तास लागेल. आणि त्या अकराच्या माणसाला फोन कर, त्याचा फेरा वाचेल."

झोकात निघालो असं सांगायला आवडलं असतं. फाटकातच गाडी बंद पडली. पुन्हा सेल्फ. वळणावर बंद पडली, पुन्हा सेल्फ. मागचे हॉर्न वाजवून बोंबलत होते. तिला घाम फुटला होता, ओठ गच्च मिटले होते, पण ती उतरली नाही. चार वेळा तिने मागितलं आणि चारही वेळा मी दिलं. ते देताना मला काही वाटलं नाही. पाचव्यांदा तिने मागितलंच नाही, कारण तोवर आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो होतो.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही कारखान्यात जातो. बॅटरीवाल्याने मला तपासून सांगितलंय की हिचं आता फार तर वर्षभर. माझा राग अजून गेलेला नाही आणि मला तो घालवायचाही नाही. मुलगा फोनवर म्हणतो, आईने कमाल केली. कमाल कसली? किल्ली पहिल्याच दिवशी तिच्या हातात ठेवली असती तर माझी ही दशा झाली नसती आणि तिला पदराखाली चष्मा लपवावा लागला नसता.

तेव्हा जाता जाता ऐका. तुमच्याही घराखाली कव्हर घातलेली गाडी असेल. ती चालवणार असाल तर नीट चालवा. नसाल तर माझ्यासारखीची काळी तार काढून ठेवा आणि तिला निवांत पडू द्या. रविवारी येऊन तिची चौकशी केल्याचं सोंग मात्र करू नका. आणि घरात कोणी किल्ली मागत असेल, तर तिची समजूत घालत बसू नका. किल्ली द्या.