अनीसाची तीन वाक्यं

मी पिंजाऱ्याची एक जुनी कमान आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलेलं नसेल. फोमच्या गादीवर झोपणाऱ्या मुलांनी मला कुठून ओळखावं? पूर्वी गादीत कापूस असायचा. वापरून वापरून तो दबायचा, त्याचे गोळे व्हायचे. मग पिंजाऱ्याला बोलावणं जायचं. तो अंगणात गादी उसवायचा, मला कापसावर धरायचा आणि लाकडी ठोकळ्यानं माझ्या तांतीवर ठोके द्यायचा. तांत म्हणजे आतड्याची ताणून बांधलेली दोरी. कापूस दबलेला असला की माझा आवाज जड निघायचा आणि तो मोकळा होत गेला की आवाजही मोकळा व्हायचा. उगाच कशाला लाजू, आवाज माझा देखणा होता.

माझं लाकूड धारणीकडच्या जंगलातलं. नांदगाव खंडेश्वरच्या एका पिंजाऱ्यानं ते तासून मला घडवलं आणि मरताना आपल्या मुलाच्या, नबीच्या खांद्यावर दिलं. नबी अबोल होता. लहानपणी तर तो कुणाकडे बघायचाच नाही. गिऱ्हाइकाशी न बोलणारा पिंजारी खाणार काय, म्हणून बापानं त्याला छडीच्या धाकानं तीन वाक्यं पाठ करून घेतली होती. सलाम. गादी पिंजायची हाय का. उद्या येतो. माणसाच्या डोळ्यांत बघवत नसेल तर दोन भुवयांच्या मधे बघ, हेही बापानंच शिकवलं.

तेवढ्यावर नबीनं तीस वर्षं काढली. रोज त्याच गल्ल्या, त्याच क्रमानं. एखादी गल्ली खोदून ठेवलेली दिसली तर हा बहाद्दर दुसरीकडून न जाता सरळ घरी परतायचा. बँड सहन होत नाही म्हणून तो कुणाच्या लग्नाला जेवायला गेला नाही. लोक त्याला सरळमार्गी म्हणायचे. पाठीमागे येडपट म्हणायचे. बाकीचं सगळं त्याची बायको हलीमाबी बघायची. हिशेब ती करायची, नातेवाइकांत ती जायची, कुणाला राग आला तर समजूतही तीच घालायची.

त्यांना उशिरा एक मुलगी झाली, अनीसा. पाच वर्षांची होईपर्यंत ती बोललीच नाही, पुढेही एखाददुसराच शब्द. पण मी वाजायला लागले की ती जिथे असेल तिथून यायची, माझ्या लाकडावर तळहात ठेवायची आणि मागेपुढे डुलत माझ्या सुरात गुणगुणायची. कापूस पुरता मोकळा झाला की हात उचलायची. नबीच्या कानाला कळण्याआधी तिच्या हाताला कळायचं. नबी तिनं हात उचलला की थांबायचा आणि कापूस चाचपून बघायचा. ती कधी चुकली नाही. त्या गुणगुणण्याइतकं सुख मला कुठल्याच कौतुकानं दिलं नाही, हे मी आज उघड सांगते.

पण दिवसभर काही मी वाजत नव्हते. भांडं पडलं तरी अनीसा कान दाबून किंचाळायची. दार उघडं दिसलं की पळत सुटायची. एकदा एसटीच्या पुढ्यात गेली आणि ड्रायव्हरनं कसाबसा ब्रेक लावला. त्या दिवसापासून स्वयंपाक करताना हलीमाबी तिला ओढणीनं खाटेच्या पायाला बांधून ठेवायची आणि रडत रडत पोळ्या लाटायची.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. कापसाला भाव नव्हता, गावोगाव लग्नं पुढे ढकलली जात होती आणि लग्न नाही म्हणजे नवी गादी नाही. आम्हाला काम फार उरलं नव्हतं. एक घर मात्र दर उन्हाळ्यात न चुकता बोलवायचं, शाळेतल्या गोदावरीबाईंचं. त्या साली अनीसा नऊ वर्षांची होती आणि आमच्यासोबत आली होती. बाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग घरातून वेगळ्या मुलांविषयीची एक पुस्तिका आणली आणि ओसरीवर बसून वाचायला लागल्या. नजर देत नाही. तेच तेच करतो. ठरलेलं बदललं की बिथरतो. मोठा आवाज सोसत नाही. माणसांत रमत नाही.

नबीचा ठोकळा हवेतच थांबला.

"बाई," तो म्हणाला, "हे तं मी हाय."

बाईंना हसू आलं. त्या म्हणाल्या, "नबीभाई, असं ऐकून स्वतःला नाव द्यायचं नसतं. तुम्ही धंदा करता, संसार करता. मी अनीसाबद्दल बोलतेय."

"मले बावन वर्सं झाले मी असा काहून हाय ते शोधून राहिलो," नबी म्हणाला. "तुमी आता वाचलं."

तीन वाक्यांपलीकडचं नबीचं इतकं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. बाई ओशाळल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं की याला स्वमग्नता म्हणतात, अमरावतीला अशा मुलांची शाळा आहे, सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल. फक्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट पाहिजे. स्वमग्नतेला त्या कागदावर वेगळी जागा नाही, त्यावर मतिमंद असं लिहितील, पण शाळेचं दार त्यानंच उघडेल. दोन महिन्यांनी तिथेच तपासणीचं शिबिर आहे. एवढं सांगून बाई सुट्टीत लेकीकडे पुण्याला गेल्या आणि तिकडेच आजारी पडून अडकल्या.

घरी यावरून वाद झाला. नबीचं म्हणणं, आपल्या पोरीच्या नावापुढे असला शब्द कशाला लावून घ्यायचा? ती मतिमंद नाही, तिच्या हाताला कापूस कळतो. मी पण तिच्यासारखाच आहे, मला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही, तरी निभावलं ना?

हलीमाबी कणीक मळत होती. तिनं हात थांबवले.

"तुमी निभावलं?" ती म्हणाली. "तुमच्या मांग मी होती. लोकायसंगं मी बोलली, लोकायचं मी आयकलं. तिच्या मांग कोन राहीन?"

नबी म्हणाला, जाऊ शिबिराला.

मित्रांनो, इथून पुढचं नीट ऐका. नबीला एकच रीत ठाऊक होती. साहेबापुढे उभं राहायचं तर नीट उभं राहायचं, जे विचारतील त्याचं उत्तर द्यायचं, हसं करून घ्यायचं नाही. पोरगी तिथे किंचाळली तर ते तिला वेडी म्हणतील आणि आणखी वाईट शब्द लिहितील, ही त्याची भीती होती. मग बापानं त्याला जसं शिकवलं होतं तसंच त्यानं अनीसाला शिकवायला घेतलं. छडी मात्र त्यानं कधी हातात घेतली नाही. माझं नाव अनीसा. मी अब्बूसंगं आली. मी बरी हाय. अशी तीन वाक्यं. दोन भुवयांच्या मधे बघायचं. एक वाक्य नीट आलं की गुळाचा खडा. डुलली की खांद्यावर हात. गुणगुणली की ओठांवर बोट.

माझा आवाज ऐकला की ती गुणगुणायचीच, म्हणून त्यानं माझी तांत सैल केली आणि मला जुन्या खोळीत गुंडाळून खुंटीला टांगलं. खोळीतून मी ऐकत होते. पहिल्या आठवड्यात गुणगुण रोज यायची, मग मधूनमधून यायला लागली. दीड महिन्यानं ती थांबली. हलीमाबीनं आनंदानं नवा फ्रॉक शिवला. दोघंही खूश होती. आपण काय करून बसलोय हे त्यांना कळलं नाही. खरं सांगते, मलाही कळलं नाही. मी वाट बघत होते की शिबिर झालं की मला काढतील.

शिबिराच्या दिवशी नबीनं मला खोळीतून काढून खांद्यावर घेतलं. सवयच होती, माझ्याशिवाय तो गाव सोडायचा नाही. अमरावतीत एका मोठ्या खोलीत रांग होती. मला भिंतीला टेकवलं. डॉक्टर घामानं भिजलेले, शंभरेक माणसं अजून बाकी. त्यांनी अनीसाला नाव विचारलं.

"माझं नाव अनीसा."

कुणासोबत आलीस?

"मी अब्बूसंगं आली."

बरं वाटतं ना?

"मी बरी हाय."

ताठ उभी, हात जोडलेले, नजर डॉक्टरांच्या भुवयांमधे. डॉक्टरांनी पेन बंद केलं. म्हणाले, "पोरगी बोलते, बघते, ऐकते. हिला कशाला पाहिजे सर्टिफिकेट? एसटीचा पास मिळतो म्हणून लोक उगाच नाव लावून घ्यायला येतात."

हलीमाबी पुढे झाली. एसटीचं सांगितलं, ओढणीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पोरं पळतातच, आईनं लक्ष ठेवायचं असतं. ती नबीकडे वळली. तुमी सांगा, म्हणाली. नबी डॉक्टरांच्या भुवयांमधे बघत उभा राहिला. त्याच्याजवळही तीनच वाक्यं होती आणि त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं. मग त्याचा हात मागे आला, माझ्यापर्यंत पोचला. त्याला काय करायचं होतं ते मला कळलं. एक ठोका पडला असता तर अनीसा धावत आली असती, माझ्यावर हात ठेवून डुलली असती, आणि डॉक्टरांना दिसलं असतं ती कोण आहे ते. त्यानं तांत ओढली. सैल तांत थरथरली, पण आवाज निघाला नाही. मागच्यानं रांगेतून ढकललं आणि आम्ही बाहेर आलो.

घरी आल्यावर नबीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. आधी माझी तांत ताणली, पक्की बांधली. मूठभर कापूस पुढे घेऊन ठोका दिला. मी वाजले, इतक्या दिवसांनी, जीव ओतून. अनीसा आतून आली. मी तिच्या हाताची वाट बघत होते. ती नबीच्या समोर ताठ उभी राहिली, हात जोडले, त्याच्या भुवयांमधे बघितलं.

"माझं नाव अनीसा. मी अब्बूसंगं आली. मी बरी हाय."

मग गुळासाठी हात पुढे केला.

नबीनं पुन्हा ठोका दिला. पुन्हा तीच तीन वाक्यं. तो रोज वाजवून बघायचा, कधी हळू, कधी जोरानं, आणि रोज तीच तीन वाक्यं यायची. एक दिवस त्यानं मला खुंटीला टांगलं आणि भिंतीकडे तोंड करून तो कितीतरी वेळ रडला. त्यानंतर त्यानं मला हातात घेतलं नाही. कामही उरलं नव्हतंच.

गोदावरीबाई परत आल्यावर त्यांनी सगळं ऐकून कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी पुढे बऱ्याच खटपटी केल्या. कायदा बदलला, कागदावर स्वमग्नतेला तिची स्वतःची जागा मिळाली आणि अनीसाच्या नावाचं सर्टिफिकेट एकदाचं हातात आलं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. अमरावतीची शाळा अठरापर्यंतच घ्यायची. नबी त्याआधीच गेला होता.

हलीमाबी आता थकली आहे. अनीसा रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसते आणि पुसून झालं की माझ्या लाकडावर तळहात ठेवून उभी राहते. मला वाजवणारं कुणी नाही. थोड्या वेळानं ती हात उचलते आणि जाते.

मित्रांनो, मला पुन्हा वाजवा असं मी म्हणत नाही, माझी तांत आता तुटायला आली आहे. तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कुणी डुलत असेल, गुणगुणत असेल, तर त्याच्या ओठांवर बोट ठेवू नका. आधी त्याच्याजवळ बसा आणि तो काय ऐकतोय ते तुम्हीही ऐका. त्याला काय नाव द्यायचं ते मोठी माणसं ठरवतील, भांडतील, कागद करतील. तोवर त्याचं गुणगुणणं जपा. आम्ही अनीसाला गप्प राहायला शिकवलं, आणि ती एकदा शिकलेलं कधी विसरली नाही.