आईने फोडलेली गिटार

मी गिटार बोलतेय. हो, तीच, काचेच्या पेटीतली, फुटकी. जवळ या, पण हळहळू नका. मला कीव नकोय, मला राग आलाय.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं, आपल्या मुलीसाठी. मला पट्टा नव्हता, म्हणून तिने पडद्याच्या उरलेल्या कापडाचा शिवला, दुहेरी टाके घालून. मुलगी सरावाला बसली की आई शिवणमशीन बंद ठेवायची. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करायची. "कपडे मिळतील उद्या, पोरीचा सूर लागलाय," ही खुशाल सांगायची.

पोरीचा गळा गोड होता, ते नाकारत नाही. शब्दही सुचायचे. पण तिच्या साध्यासुध्या गाण्यांना कुणी विचारेना. मग तिने एक गाणं रचलं: आई दार लावून घेते, गिटार भिंतीवर आपटते, मुलगी तुकडे गोळा करते. धादांत खोटं! आणि तेही माझ्याच तारांवर बसवलं, निर्लज्जपणे.

लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं. बक्षिसं, दौरे, मुलाखती, आणि दर मुलाखतीत डोळ्यांत पाणी. इकडे मी कपाटावर धडधाकट, आणि आईला गल्लीत तोंड दाखवायची सोय उरली नाही. गिऱ्हाइकंही एकेक करून तुटली.

मग एक दिवस आमच्या गायिका बाईसाहेब मॅनेजरला घेऊन घरी आल्या. त्यांच्या कारकिर्दीचं प्रदर्शन भरणार होतं. मॅनेजरने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"ही तर अख्खी आहे! अशी ठेवली तर गाणं खोटं पडेल."

मला वाटलं, आता तरी पोरीला लाज वाटेल.

आई म्हणाली, "एकदा सांगून टाक ना गं खरं. समोरची भाजीवालीसुद्धा बोलत नाही माझ्याशी."

"आता? आई, सगळं बुडेल माझं!" असं म्हणून तिने मला मानेला धरून उचललं.

आई ओरडली नाही, आडवी आली नाही. एवढंच म्हणाली, "बोटं सांभाळ. लागेल हाताला."

शिवणमशीनच्या कडेवर दोनदा आपटलं मला. दोनदा!

आता माझ्यापुढे पाटी आहे, 'आईने फोडलेली गिटार'. येणारेजाणारे ती वाचतात आणि म्हणतात, "काय कैदाशीण बाई असेल!"

जिभेला आवर घाला जरा. घाईत पट्टा तेवढा काढायचा राहिलाय. त्याचे टाके नीट बघा, आणि मग सांगा, हे टाके घालणारीने मला फोडलं असेल का?