पूजेत बसलेला लॅटिन कोश

मित्रांनो, मी एक जुना लॅटिन शब्दकोश आहे. मला एका हाताने उचलणारा माणूस अजून भेटायचा आहे. लॅटिन म्हणजे प्राचीन रोमन लोकांची भाषा. आज ती कोणाच्या घरात बोलली जात नाही, म्हणून लोक तिला बिनदिक्कत मेलेली म्हणतात. मला त्याचा संताप येतो. पण करणार काय? कोश स्वतःहून तोंड उघडत नाही, त्याला दुसऱ्याने उघडावं लागतं.

छापखान्यात माझा जन्म झाला. जाड निळ्या कापडाचं कव्हर चढलं आणि मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत दाखल झालो. तिथे बरीच वर्षं माझा थाट होता. मुलं माझ्यासाठी रांग लावायची, कोपरं टेकून माझ्यावर डुलक्या काढायची. एकाने माझ्यावर कॉफी सांडली आणि बिचारा किती वेळ रुमालाने पुसत बसला. मग शब्द फोनमध्ये सापडू लागले आणि माझ्याकडे कोणी फिरकेनासं झालं. शेवटी ‘फुकट न्या’ अशी पाटी लावलेल्या गाडीवर माझी रवानगी झाली. माझ्या शेजारी टोस्टर दुरुस्तीचं पुस्तक होतं. तेसुद्धा माझ्याआधी गेलं! तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मला उचललं ते प्रीताने. ती याच कॉलेजात शिकत होती आणि घर जवळच, कॅरी नावाच्या गावात होतं. तिचे बाबा गुरुनाथ नागपूरहून आलेले. एका औषध कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायचे. नोकरी गेली तर देश सोडावा लागेल, या धास्तीत व्हिसावर त्यांनी तरुणपण काढलं होतं. त्यामुळे ग्रीक आणि लॅटिन हाच मुख्य विषय घ्यायचाय, असं मुलीने सांगितलं तेव्हा ते लगेच तिची समजूत घालायला लागले.

“हॉबी म्हणून कर ना, बेटा. मेजर कॉम्प्युटर ठेव,” ते म्हणाले.

“बाबा, आय लव्ह धिस. मला हेच करायचंय.”

बरीच वादावादी झाली. अखेर ठरलं, की त्या विभागाच्या खास वर्गात तिची निवड झाली तर घरातून विरोध नाही. झाली नाही, तर कॉम्प्युटर. निवडीसाठी प्राध्यापक बाईंनी एक लॅटिन उतारा भाषांतराला दिला होता. इंटरनेट वापरायचं नाही, फक्त छापील कोश. शनिवारी संध्याकाळपर्यंत तो पाठवायचा होता आणि नेमका त्याच शनिवारी दसरा आला.

प्रीता घरी आली, मला टेबलावर ठेवलं आणि अंघोळीला गेली. तिची आई रत्ना पूजा मांडत होती. दसऱ्याला आपण आपल्या कामाच्या वस्तूंची आणि पुस्तकांची पूजा करतो आणि पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावत नाही. चौरंगावर सगळ्यांचे लॅपटॉप मांडून झाले होते. रत्नाची नजर माझ्याकडे गेली. लेकीचं आवडतं पुस्तक, असं म्हणत तिने मला कौतुकाने सरस्वती काढलेल्या पाटीशेजारी बसवलं, हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. आयुष्यात माझी एवढी सरबराई कधी झाली नव्हती. मी नुसता फुलून गेलो.

प्रीता बाहेर आली आणि किंचाळलीच. “आई! इट्स ड्यू टुडे! मला तो आज लागणारे!”

“अगं बाई! मला काय माहीत?” रत्ना कावरीबावरी झाली.

गुरुनाथ म्हणाले, “आता पूजेतलं हलवायचं नाही. उद्या सकाळी अक्षता टाकल्या की घे.”

“उद्या उशीर होईल, बाबा.”

“मग नशीब म्हणायचं.”

मी त्यांच्या समोरच होतो, मित्रांनो. त्यांच्या चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता. परस्पर प्रश्न सुटल्याचा दिलासा होता. प्रीता जिन्यात जाऊन बसली. मला माझ्या अंगावरचं फूल नकोसं झालं.

दुपारची जेवणं आटोपतात तोच गुरुनाथांचा फोन वाजला. ऑफिसची सिस्टिम बंद पडली होती. “येस, येस, लॉगिन करतो,” म्हणत त्यांनी चौरंगावरचा आपला लॅपटॉप उचलला आणि बाहीने कुंकू झटकलं.

“अहो,” रत्ना म्हणाली, “पूजा हलली वाटतं?”

“अगं, प्रॉडक्शन डाउन आहे! काम आहे हे!”

“आणि तिचं काय आहे?”

गुरुनाथ वळले. जिन्यात बसलेल्या मुलीकडे त्यांनी पाहिलं. रडून तिचं नाक लाल झालं होतं. मग त्यांनी लॅपटॉप खाली ठेवला, चिमूटभर अक्षता माझ्यावर टाकल्या, दोन्ही हातांनी मला उचललं आणि जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. “ये. बस इथे,” एवढंच म्हणाले.

टेबलाच्या एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला लेक. दोघं आपापल्या कामात बुडाली. सर्व्हर पुन्हा सुरू व्हायची वाट बघता बघता त्यांनी विचारलं, “एवढं काय लिहिलंय त्यात?”

“एक रोमन बाबा आहेत. त्यांची मुलगी लहानपणीच गेली. तिच्या थडग्यावर त्यांनी हे कोरून घेतलं. दोन हजार वर्षं झाली.” प्रीता अडखळली. “हा एक वर्ड कळत नाहीये.”

गुरुनाथांनी खुर्ची तिच्याशेजारी ओढली. “कुठे बघायचं? दाखव मला.” तिने अक्षर सांगितलं आणि ते बोटाने माझे रकाने शोधू लागले. पुष्कळ वेळ लागला. सापडल्यावर प्रीता म्हणाली, “पासरबाय. रस्त्याने जाणारा कुणीतरी.”

“वाटसरू म्हणतात आपल्यात.” मग ते हळूच म्हणाले, “पुढे वाच.”

तिने बाबांसाठी मराठीत सांगितलं, “वाटसरू, घाईत असलास तरी तिचं नाव मोठ्याने वाच. घरात आता त्या नावाने कोणी हाक मारत नाही.”

गुरुनाथांनी चष्मा काढला. त्यांचा फोन वाजत होता, तो त्यांनी जरा वेळ वाजू दिला.

भाषांतर वेळेत गेलं. पुढच्या आठवड्यात प्रीताची निवड झाल्याचं कळलं. “बरं झालं,” गुरुनाथ म्हणाले. “आता त्या मुलीचं नाव काय होतं ते सांग. तेव्हा विचारायचं राहिलं.”

मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांवर फुलं जरूर वाहा, धूळही पुसा. पण आम्हाला तेवढ्यावर सोडू नका. आमच्या पोटात कोणाकोणाची नावं आहेत, आणि ती आम्हाला स्वतःहून उच्चारता येत नाहीत.