डबीतली हळद

त्या रविवारी पार्वतीबाई विहारात जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि दादाजी मेश्रामांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या बाया खाली सतरंजीवर आणि आपण मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, हे बायकोला किती लागायचं ते एक दादाजींनाच ठाऊक. आमवातानं गुडघे असे सुजत की पलंगावरून उठणं म्हणजे अर्ध्या घराचं काम होऊन बसे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून पार्वतीबाईंनी त्या केव्हाच सोडून दिल्या होत्या.

आता गुण आला होता तो कामिनीच्या कॅप्सूलचा. कामिनी विहारातलीच, हुडकेश्वरला त्यांच्याच ले-आउटमध्ये राहणारी, तोंडानं गोड आणि मनानंही. तिनं आणलेल्या डबीवर हळदीचे कंद, कसल्याशा झाडाचा पाला आणि हसरी म्हातारी असं चित्र होतं. खाली लिहिलेलं : शंभर टक्के वनस्पतिजन्य, अंगातली सूज मुळापासून घालवते.

"घ्या जी काकू, झाडपालाच हाय. याच्यानं का होते?" कामिनी म्हणाली होती.

आपल्याकडे झाडपाल्यावर संशय घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पार्वतीबाईंनी डब्यांवर डब्या संपवल्या आणि खरोखरच उठून कामाला लागल्या. भिवापूरला बहिणीकडे गेल्या, तिच्यासोबत उकिडव्या बसून दिवसभर मिरच्यांचे देठ खुडून आल्या. गाल वर आले, चेहरा गोल झाला. "तब्येत सुधारली वं बाई तुमची!" असं बाया म्हणू लागल्या, आणि दादाजी खुळ्यासारखे खूश होत राहिले.

मग पायाची एक साधी जखम भरेना. जरा कुठे आपटलं की कातडीवर निळे डाग पडू लागले. साखर तपासली तर ती वर जाऊन बसलेली. दादाजींनी डबी खिशात घातली आणि चौकातल्या डॉक्टर अनिशचा दवाखाना गाठला. मोबाइलमधले पार्वतीबाईंचे आधीचे आणि आताचे फोटोही दाखवले.

"काका, हळदीनं चेहरा असा गोल होत नाही," डॉक्टर म्हणाला. "यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. आराम पडतो, पण आतून हाडांची, साखरेची, सगळ्याचीच वाट लागते. काकूंना घेऊन या. तपासतो आणि मग हे कसं सोडवायचं ते सांगतो."

घेऊन या म्हणे! डॉक्टरचं काय जातं बोलायला.

"मी नाही येत," पार्वतीबाई म्हणाल्या. "त्यानं पहिले गोळ्या देल्या होत्या तवा उठता येत होतं काय मले? आता बसता येऊन राहिलं, तं तुमच्या पोटात काहून दुखते?"

"अवं, त्याच्यात भेसळ हाय म्हणते डाक्टर."

"असू द्या. भेसळीनं चालता येते तं भेसळच खातो मी."

दादाजींनी सून रोशनीला बोलायला लावलं, मुलगा अश्विननं दोनदा ओरडून पाहिलं. पार्वतीबाईंनी कॅप्सूलची डबी कनवटीला लावली नाही एवढंच. शेवटी दादाजी कामिनीकडे गेले. ती ऐकून पांढरीफटक पडली. "काका, माही माय बी हेच खाते जी," म्हणाली आणि रडायला लागली. तिची समजूत काढून ते हात हलवत परत आले.

दादाजींची उभी हयात वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात गेली होती. खोका तोच, शिक्का तोच, वजनही तेच असलं की आतला माल बदललेला कोणाच्या बापाला कळत नाही, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलेलं. स्वतः कधी कोणाच्या मालाला हात लावला नव्हता. तो लावला आता, बायकोच्या.

पार्वतीबाई महिला मंडळाच्या बैठकीला गेल्या तशी त्यांनी डबी उघडली. एकेका कॅप्सूलचं टोपण नखानं काढून आतली भुकटी मोरीत ओतली आणि स्वयंपाकघरातली हळद काडीनं ठासून भरली. उन्हाळ्यात दोघांनी मिळूनच कुटून आणलेली निव्वळ हळद. डबीवर जे लिहिलं होतं ते आता पहिल्यांदाच डबीत आलं! दादाजींना वाटलं, सुटलो.

काही दिवस बरे गेले. मग पार्वतीबाईंचं जेवण तुटलं. गुडघे पुन्हा फुगले, अंगात त्राण राहिना, सकाळी उठल्या की मळमळ. त्यांनी एकाच्या दोन कॅप्सूल सुरू केल्या, मग तीन. भिंतीला टेकून त्या हळद गिळत होत्या आणि दादाजी समोर बसून पाहत होते. विष उतरताना माणूस कळवळणारच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. कधी वाटे, सांगून टाकावं. पण सांगितलं तर ती दुसरी डबी आणेल. कधी वाटे, तीच भुकटी परत भरून द्यावी. पण ती मोरीतून केव्हाच वाहून गेली होती. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं आणि डॉक्टरला विचारावं तर आपण काय केलं ते कबूल करावं लागलं असतं.

एका दुपारी पोळ्या लाटता लाटता पार्वतीबाई ओट्यापाशीच कोसळल्या. रोशनीनं ऑटो बोलावला.

दवाखान्यात रक्तदाब इतका खाली गेलेला की डॉक्टर अनिशनं दोनदा यंत्र बदलून पाहिलं. "काकू, त्या कॅप्सूल अचानक बंद तर नाही केल्या?"

पार्वतीबाईंनी मोठ्या कष्टानं डोळे उघडले. "नाही जी. एक बी दिवस चुकवली नाही. उलट जास्तीच घेतली."

डॉक्टरनं मान हलवली आणि तो नर्सला दुसरंच काही सांगायला लागला. कुठलं तरी इन्फेक्शन असेल म्हणाला. बायको जिवानिशी जाते आहे, आणि ती जे खरं समजून सांगते आहे तेच तिला मारणार आहे.

"डाक्टर," ते म्हणाले, "थांबा. त्याच्यात हळद होती. मी भरली."

डॉक्टर गर्रकन वळला. मग ओरडला, "काका, हे एकदम बंद करायचं नसतं! शरीराला त्याची सवय लागते. म्हणून तर घेऊन या म्हटलं होतं मी!" बोलता बोलताच त्यानं इंजेक्शन भरायला घेतलं.

इंजेक्शन लागू पडलं. संध्याकाळपर्यंत पार्वतीबाईंच्या ओठांवर रंग आला. दादाजी पलंगाशी उभे होते.

"मी तीन-तीन खात होतो," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्यासमोर. अन् तुमी पाहून राहिले होते?"

तुझ्यासाठीच केलं, हे शब्द दादाजींच्या जिभेवर आले होते, पण ते उच्चारायची त्यांना लाज वाटली.

घरी पाठवताना डॉक्टरनं गोळी लिहून दिली. कॅप्सूलमध्ये मिसळलेलं तेच औषध, पण मोजून, आणि थोडं थोडं कमी करत शून्यावर आणायचं. "अन् माहे गुडघे?" पार्वतीबाईंनी विचारलं. "दुसरं औषध सुरू करू काकू. वेळ लागेल. पाहू," असं म्हणून तो पुढच्या पेशंटकडे वळला.

त्या भांडल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर दादाजींनी आनंदानं ऐकून घेतल्या असत्या. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. सकाळी दादाजींनी पाकिटातून गोळी काढली, पाण्याचा गिलास घेतला आणि पलंगापाशी येऊन तळहात पुढे केला.

पार्वतीबाईंनी गोळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"रोशनी," त्यांनी हाक मारली, "तू दे वं बाई मले गोळी."

रोशनी कणकेचे हात पुसत आली. सासऱ्यांच्या हाताकडे पाहून ती क्षणभर घुटमळली. मग तिनं त्याच पाकिटातून दुसरी गोळी सासूच्या डोळ्यांसमोर काढून दिली आणि पार्वतीबाईंनी ती मुकाट्यानं गिळली. दादाजी आपली गोळी मुठीत धरून तिथेच उभे राहिले. बसावं की बाहेर जावं, हेही त्यांना कळेना.